मार्थाबाईंच्या मामाचं घर

आई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. भांडी लावताना, ऑफिसला जाताना सिग्नलला थांबले की, मनातल्या मनात सुरू. सुहास तिकडे पुण्यात तुमचे दिवस करून राहिला आणि मी इकडे अमेरिकेत, श्रूजबरीत अडकलेली. व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय, एकदा बाहेर पडले तर परत कधी येऊ देतील याचा भरवसा नाही, आणि ईशाची शाळा. सासू गेली तरी सून आली नाही, असं कुणी ना कुणी म्हणालंच असेल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हणू दे, लोकांचं काय जातंय. आणि वर, ‘करून राहिला’ नाही गं वैशाली, ‘करतोय’, असं माझं नागपूरचं मराठीही सुधारलं असतंत.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचे फोन येतात. किती प्रेमळ होत्या, किती सुगरण होत्या. प्रेमळ ठीक आहे, पण सुगरण? तुमची आमटी आम्ही कशी खाल्ली ते आम्हालाच माहीत. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेली मास्तरीण तुम्ही, स्वयंपाक म्हणजे तुमच्या लेखी दोन तासांच्या मधली सुट्टी. मी फोनवर हो हो म्हणते. त्यांना काय सांगू, की माझी सासू अमेरिकेत येऊन काय करत होती? कुणी नातवंडं सांभाळतं, कुणी मॉलमध्ये चालायला जातं. तुम्ही शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका अमेरिकन बाईचे नातेवाईक शोधत होतात.

पहिल्यांदा आलात तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली एक दोनशे पानी वही होती. पहिल्याच पानावर मोठ्या वळणदार अक्षरात इंग्रजी नाव: मार्था कॉबर्न लेन. खाली वुस्टर काउंटी, मॅसॅच्युसेट्स. नगरजवळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या दगडावरून उतरवून घेतलेलं. मला वाटलं, देवदेव करणारी बाई, हिला दफनभूमीत काय काम. तुम्ही विचारलंत, ही वुस्टर काउंटी इथून किती लांब? सुहास हसला. म्हणाला, आई, तू वुस्टर काउंटीतच बसली आहेस. मी आपली म्हणाले, काय योगायोग. तर तुम्ही म्हणालात, योगायोग कसला, बदली म्हण. सरकार पाठवतं तिथे जायचं आणि हजर व्हायचं.

पुढे एका दुपारी मेथी निवडताना तुम्ही मला सगळं सांगितलंत. ही मार्थाबाई मिशनची. आठवड्यातून एकदा छकड्यातून तुमच्या माहेरच्या गावी यायची आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या मुलींना मातीत काडीनं अक्षरं काढून शिकवायची. तुमची आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, नुकतीच सासरी नांदायला आलेली. नदीवर जाता-येता ती लांब उभी राहून बघायची. मडमबाईनं तिला कधी हाकललं नाही, जवळही बोलावलं नाही, फक्त तिला दिसावं म्हणून अक्षरं मोठी काढायला लागली. अशी आजी वाचायला शिकली. घरात कुणाला पत्ता नाही.

मग एकदा संध्याकाळी मडमबाई तापानं फणफणलेली, बैलही थकलेले, नगर लांब. गाडीवानानं तुमच्या घराच्या दारात येऊन हात जोडले, रात्रीपुरती ओट्यावर जागा द्या म्हणून. गावातलं मोठं घर, कडक सोवळ्याओवळ्याचं. तुमचे खापरपणजोबा नको म्हणाले. विटाळ होईल. मागचा गोठा दाखवला, तोही आधी गुरं बाहेर काढून. आजी त्या रात्री दोनदा लोटा घेऊन गोठ्यात गेली. दुसऱ्यांदा सापडली. तिला अंगावरच्या लुगड्यासकट थंड पाण्यानं न्हायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी जेवायला दिलं नाही. उजाडेपर्यंत मडमबाईचा जीव गेला होता.

एवढं सांगून तुम्ही थांबला नाहीत. खरी गोष्ट त्याच्या पुढे होती. काही वर्षांनी मिशनच्या शाळेचं नाव झालं, साहेब लोक यायला लागले, आणि तुमच्या घरानं सांगायला सुरुवात केली की मडमबाईनं आमच्या ओट्यावर प्राण सोडला, आमच्या बायकांनी रात्रभर तिची सेवा केली. तुमच्या वडिलांनी तेच सांगितलं. तुमचे भाऊ, आमचे मामा, आजही पाहुण्यांना तेच सांगतात. मी स्वतः ऐकलंय, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा पिता पिता. खरं फक्त आजीला माहीत होतं, आणि तिनं ते एकट्या तुम्हाला सांगितलं होतं. वर सांगितलं होतं, तिच्या माणसांना कुणीतरी खरं कळवायला हवं.

ईशा शेजारी होमवर्क करत होती. म्हणाली, "आजी, दॅट्स सो सॅड." तुम्ही म्हणालात, सॅड आहेच, पण नुसतं सॅड होऊन काय उपयोग.

मग सुरू झाली आपली वरात. शनिवार आला की तुम्ही नऊ वाजता स्नीकर्स घालून, नऊवारीसारखी कमरेला खोचलेली सहावारी नेसून दारात तयार. मी ड्राइव्ह करायची, तुम्ही मांडीवर प्रिंट काढलेला नकाशा धरून मला चुकीच्या एक्झिटला उतरवायच्या. टाउन हॉल, लायब्ररी, चर्चच्या मागची कबरस्तानं. आठवतं, एका कबरस्तानात आपण दोघी दगडांवरची नावं वाचत फिरत होतो, आणि एक पोलीस गाडी शेजारून हळू हळू चालायला लागली? अकरा सप्टेंबरनंतरचे ते दिवसच तसे होते. आपल्या रंगाचं कुणी नको तिथे दिसलं की लोक दोनदा बघायचे. तुम्ही सरळ गाडीजवळ गेलात आणि काचेवर टकटक करून त्याला विचारलंत, लेन आडनावाचे लोक कुठल्या बाजूला पुरलेत? बिचारा उतरून तुमच्याबरोबर शोधायला लागला. मी त्या दिवशी तुमच्यावर चिडले होते. आज वाटतं, मी एकटी असते तर मान खाली घालून निघून आले असते.

आणि तो एक अख्खा उन्हाळा आपण वाया घालवला, त्याची कबुली आता द्यायला हरकत नाही. मार्था कॉबर्न लेन. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव. यात शोधायचं ते काय? बाप कॉबर्न लेन. आपल्या दोघींच्या डोक्यात शंकासुद्धा आली नाही. लायब्ररीतल्या काउंटरवरच्या बाईला आपण सांगितलं, मिस्टर कॉबर्न लेन हवेत. ती पोरगी गुणी, तीन महिने जुनी रजिस्टरं उपसत राहिली. जन्म नाही, लग्न नाही, मृत्यू नाही, घराचा कागद नाही. कॉबर्न लेन नावाचा माणूस या काउंटीत कधी श्वासच घेतला नव्हता. तुम्ही सहा महिने संपल्यावर परत गेलात, त्या विमानतळावर मी म्हणाले, सोडा आता आई, दगडावर चुकीचं कोरलं असेल. तुम्ही म्हणालात, दगड कोरणारा चुकत नाही, वाचणारा चुकतो.

दोन हजार पाचला परत आलात आणि त्या लायब्ररीतल्या पोरीनं जुन्या जनगणनेची फिल्म मशीनवर लावून दिली. तुमचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. घराचा क्रमांक, कुटुंबप्रमुख, नातं, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. म्हणालात, अगं, हे तर मी भरायचे. उन्हातान्हात, हातात फॉर्मचा गठ्ठा, कुत्री मागे लागलेली. तिथून पुढे त्या खोलीत तुम्ही मास्तरीण आणि आम्ही दोघी विद्यार्थिनी. एका घरातल्या सगळ्यांची वयं चाळीस, पस्तीस, दहा, पाच अशी लिहिलेली बघून तुम्ही म्हणालात, हे घर बंद होतं, शेजारणीला विचारून भरलंय. शेजारीण अंदाजानं सांगते, तिचं सगळं शून्यावर नाहीतर पाचावर संपतं. ते मी इंग्रजीतून सांगितल्यावर त्या पोरीनं आपल्या साहेबिणीला बोलावून आणलं आणि तुम्हाला ते पुन्हा सांगायला लावलं. मला इतका अभिमान वाटला, की घरी आल्यावर मी तो तुमच्यासमोर दाखवलासुद्धा नाही. का नाही दाखवला, कोण जाणे. सासूचं कौतुक तोंडावर करायची आपल्याकडे रीत नाही, हेच असेल.

मग एका पानावर लेन सापडले. जोसाया लेन, शेतकरी. बायको. तीन मुलं, त्यातली मधली मार्था, वय अकरा. आणि सगळ्यात खाली एक म्हातारी, नातं सासू, आडनाव कॉबर्न. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात.

"वैशाली, ही बाई लेकीकडे राहतेय," तुम्ही म्हणालात. "आणि नातीच्या नावात तिचं घर आहे. आईचं माहेर आहे गं हिच्या नावात."

आपण बापाला शोधत होतो आणि तिथे आई बसली होती. माझ्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर मधलं नाव सुहास, डेंटिस्टकडची मुलगी मला आजही ‘वैशाली सुहास’ अशी हाक मारते, आणि मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. तुम्ही मात्र घरी येईपर्यंत एकच घोकत होतात: म्हणजे आता मामाचं घर शोधायचं.

आणि तुम्ही ते शोधलंत. लेन लोक जमीन विकून पश्चिमेकडे गेले आणि तिकडे कुठेतरी संपले. पण कॉबर्न जागचे हलले नव्हते. आपल्यापासून तीन गावं पलीकडे, सफरचंदाच्या बागेच्या घरात शेवटची एक कॉबर्न एकटी राहत होती. मार्जरी. मार्थाच्या सख्ख्या मामाची पणती. शाळेची बस चालवून रिटायर झालेली. मी फोन केला, तर तिला वाटलं मी काहीतरी विकतेय, तिनं ठेवून दिला. परत केला, परत ठेवला. तिसऱ्यांदा तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि तुमच्या त्या इंग्रजीत म्हणालात, "मॅडम, आय ॲम टीचर. आय नो युवर मार्था." या वेळी तिनं फोन ठेवला नाही. मग ती म्हणाली, इंडियात गेलेली मार्था?

इथवर सगळं कौतुकाचं. आता आपल्या भांडणाकडे येते.

भेटायला जायच्या आदल्या आठवड्यात आपण रोज भांडलो. मी म्हणत होते, आई, आभार मानू या. तुमची आजी तिच्यामुळे वाचायला शिकली, तुम्ही मास्तरीण झालात, सुहास शिकला, एवढं सांगू आणि बेसनाचे लाडू देऊन येऊ. ते दार लावल्याचं कशाला? ती लोकं तरी कुठे साधुसंत होती, आपल्या माणसांना बाटवायलाच आली होती ना? तुम्ही शांतपणे म्हणालात, बाटवायला आली असेल, त्याचा जाब तिला विचारायचा तो विचार. आमच्या दाराचा जाब मला द्यायचाय. मी म्हणाले, अहो, आपण इथे बाहेरची माणसं. आधीच लोक आपल्याकडे कसं बघतात ते तुम्ही पाहिलंय. आपणच जाऊन सांगायचं, की आम्ही मरायला टेकलेल्या बाईला घरात घेतलं नाही?

तुम्ही त्यावर जे बोललात ते मी विसरलेले नाही. "खोटं आमच्या घरानं घरबसल्या सांगितलं. खरं सांगायला मला इतक्या लांब यावं लागलं. आता तू मध्ये येऊ नकोस."

आणि मी मध्येच होते ना, आई. तुमचं मराठी आणि मार्जरीचं इंग्रजी, यांच्या मध्ये मीच बसले होते.

तो दिवस ऑक्टोबरमधला. मार्जरी दारातच उभी, उंच, हाडकुळी, पुरुषी शर्ट. तिनं कॉफी आणि गरम डोनट ठेवले, तुम्ही लाडू ठेवलेत. मार्थाचा एकमेव फोटो तिनं काढून ठेवला होता. तुम्ही तो दोन्ही हातांनी उचललात आणि बराच वेळ पाहिलात. मग ताठ बसून, पदर सारखा करून, मराठीत सांगायला लागलात. एक एक वाक्य सांगून माझ्याकडे बघायच्या, मी इंग्रजी करायची. नदी, माती, मोठी मोठी काढलेली अक्षरं. मार्जरीचे डोळे भरून आलेले. मग तुम्ही म्हणालात, माझ्या पणजोबांच्या वडिलांनी तिला दारातून परत पाठवलं. माझ्याकडे पाहिलंत.

मी त्या म्हातारीकडे पाहिलं आणि म्हणाले, त्यांनी तिला घरात घेतलं.

पुढचं आपोआप आलं. एका खोट्याला दुसरं जोडायला वेळ लागत नाही. ओटा आला, अंथरूण आलं, रात्रभर उशाशी बसलेल्या घरच्या बायका आल्या. मामा चहाबरोबर सांगतात ती सगळी गोष्ट मी अस्खलित इंग्रजीत सांगितली. मार्जरीनं उठून तुमचे दोन्ही हात धरले आणि देव तुमच्या घराचं भलं करो म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तिच्याकडे बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, गोंधळ होता. ज्याची कबुली दिली त्याचे आभार कसे येतात, हे तुम्हाला कळत नव्हतं.

परतीच्या वाटेवर आपण हायवेला लागलो. मग तुम्ही विचारलंत, "गोठ्याला इंग्रजीत काय म्हणतात गं?"

मी म्हणाले, बार्न.

"तिच्या घरामागे लाल होतं, ते?"

हो म्हणाले.

"मग तो शब्द तिला कळला असता की."

बस. एवढंच. ना ओरडलात, ना घरी आल्यावर सुहासला सांगितलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपीठ लावलंत, आणि मला आठवतंय, ते बरं झालं होतं. मी मनात म्हटलं, सुटले. बाप्पा, किती मूर्ख होते मी. पुण्याला गेल्यावर दर रविवारी फोन. ईशा काय करते, थंडी किती, आणि शेवटी ठरलेलं: मार्जरीला फोन केलास का? मी म्हणायची, वेळ नाही झाला आई, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. बरं म्हणायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा. दोन वर्षं. तुम्हाला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, पत्ता तुम्हाला पाठ होता. एक पत्र टाकलं असतंत तर काम झालं असतं. पण तुम्ही टाकलं नाहीत. ते माझ्या तोंडून गेलं होतं, तर माझ्या तोंडूनच परत यायला हवं होतं तुम्हाला. आधी मला तो तुमचा हट्ट वाटायचा. आता कळतंय, की माझ्यावर इतका विश्वास माझ्या सख्ख्या आईनंही टाकला नसता. शेवटच्या रविवारीही विचारलंत. मीही तेच उत्तर दिलं. गुरुवारी सकाळी सुहासचा फोन वाजला.

काल शनिवार होता. ईशाला मैत्रिणीकडे सोडलं आणि मी मार्जरीकडे गेले. एकटीच. शेजारची सीट रिकामी, चुकीच्या एक्झिटला उतरवणारं कुणी नाही. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. तिला म्हणाले, माझ्या सासूबाई गेल्या. ती म्हणाली, ओह नो, द टीचर. मला बसवलं, कॉफी केली. मग मी सगळं सांगितलं. दार. गोठा. बाहेर काढलेली गुरं. दोनदा नेलेलं पाणी आणि त्याची शिक्षा. आणि हेही, की माझ्या सासूनं त्या दिवशी हे सगळं शब्दन् शब्द खरं सांगितलं होतं, खोटं मी बोलले.

ती खिडकीतून मागच्या लाल बार्नकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, का?

मी म्हणाले, तू आम्हाला वाईट समजशील म्हणून.

"मला तेव्हाच शंका आली होती," ती म्हणाली. "इतकी चांगली माणसं कुणाच्याच घरात नसतात. आमच्या तर नाहीतच."

मी रडले, आई. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा सुहासला सांभाळत होते, तेव्हा नाही रडले. तिच्या किचनमध्ये बसून रडले. तिनं टिश्यूचा बॉक्स सरकवला आणि आत गेली. येताना एक जाडजूड जुनं बायबल घेऊन आली. त्याच्या मधल्या पानांवर त्यांच्या घरातले जन्म, लग्नं, मृत्यू शाईनं लिहिलेले, पिढ्यान् पिढ्या. बायकासुद्धा, माहेरच्या नावांसकट. मार्थापुढे लिहिलं होतं, इंडियात तापानं गेली. आणि त्याखाली, अगदी ताज्या बॉलपेनात, मार्जरीच्या अक्षरात: एका कुटुंबानं तिला आपल्या घरात ठेवून सेवा केली. माझं वाक्य. माझं खोटं, त्यांच्या देवाच्या पुस्तकात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मार्जरीनं ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि त्या ओळीवर सरळ एक रेघ मारली. खाली लिहिलं, तिला दारातून परत पाठवलं, ती गोठ्यात गेली. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. मी हो म्हणाले. तुम्हाला हवं होतं ते झालं, आई. शब्द न् शब्द.

मग ती पुढची ओळ लिहायला लागली. एका मुलीनं तिला दोनदा पाणी नेऊन दिलं. पेन थांबवून तिनं वर बघितलं आणि विचारलं, त्या मुलीचं नाव काय?

मी फोन हातात घेतला. नाव मला ठाऊक नव्हतं.

तिथूनच सुहासला फोन लावला. तो म्हणाला, आईची आजी ना? आजीच म्हणायचे सगळे. थांब, मामा इथेच आहेत. मामांना विचारल्याचं मला फोनमधून ऐकू येत होतं. मामा म्हणाले, आजीला नाव कशाला, आजीच. गाव काकी म्हणायचं. त्यांच्याकडे घराण्याची वंशावळ आहे, सात पिढ्यांची, फ्रेम करून लावलेली, ती त्यांनी घरी फोन करून बघायला लावली. त्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. सुहास म्हणाला, शिवाय लग्नात नाव बदललं असणार, माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं, आता कुणाला माहीत असणार. रात्री घरी येऊन मी, तुम्ही जाताना माझ्याकडे ठेवून गेलेली वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मार्थाचा बाप आहे, आई आहे, मामा आहे, मामाची मुलं आहेत, लेकीकडे राहणाऱ्या त्या म्हातारीचं पूर्ण नाव आहे. तुमच्या आजीला तुम्ही सगळीकडे ‘माझी आजी’ असं लिहिलंय.

मार्जरीनं त्या ओळीत नावापुरती जागा सोडून ठेवली आहे. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, विचार तुमच्याकडे कुणाला तरी, पण जरा लवकर, मी एक्क्याऐंशीची आहे. मी हो म्हणून निघाले. हायवेला लागल्यावर गाडी कडेला घेतली. ज्याला विचारायचं होतं ते माणूस शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा घेऊन बसायचं. दोन्ही खेपांना तुमच्या शेजारी बसून मी एका अमेरिकन बाईच्या आजीचं नाव शोधलं, आई. तुमच्या आजीचं नाव काय, हे एकदाही विचारलं नाही.